पडद्याच्या मांगून पाह्यलेला सिनेमा

थांबवा वो कोनी, थांबवा त्याइले, असं मी वरडली का नाई वरडली मले आठवत नाई, तोंड उघडं होतं एवढंच आठवते, ओटीतला कापूस सांडून राह्यला होता आन कमळीच्या बापानं देवरावभाऊले बाभळीच्या बुडाशी दाबून धरलं होतं, एक गुडघा त्याच्या छातीवर, हातात बैलाले टोचायची तुतारी, तिच्या टोकाचा खिळा त्याच्या तोंडावर. वरतं फांदीले माह्या कमळीचा झोका बांधला होता. खाली दोघं धडपडले का झाड हाले, झाड हाललं का झोका हाले, आन कमळी आतून खिदळे, तिले वाटे कोनी झोका देऊन राह्यलं. हे म्हनत, बोल, कोन्या हातात होता सुरा, उजव्या म्हन. आन देवरावभाऊच्या व्हटातून रगत, दात लाल, तरी तो म्हने डाव्या, मी माह्या डोळ्यानं पाह्यला, डाव्या.

एका सिनेमाच्या पायी. दुसऱ्याच्या पोटात घुसलेल्या सुऱ्याच्या पायी, तोबी खोटा.

आन मले मालूम होतं का दोघंबी खरं बोलून राह्यले. त्या वावरात पंधरा-वीस मानसं होती, त्यातल्या मले एकटीलेच मालूम होतं.

यंदा पुन्हा पऱ्हाटी फुटली. दिवाळी झाली, सकाळी पाय गार पडतात, आन जिकडे पाहा तिकडे पांढरं. लोकाइले ते पाहून बरं वाटते, मले नाई. कापूस मऊ असते असं ज्यानं येचला नाई तोच म्हनते. बोंड वाळलं का त्याचे टोकं काट्यावानी होतात, नखाच्या बुडाशी घुसतात, दुपारपरेंत धाही बोटं चिरून जातात. बाया येचता येचता बोट तोंडात घालतात, चोखतात, पुन्हा हात घालतात. कापसाले लाल डाग लागला का दिवाणजी शिव्या देते, का माल खराब केला. त्याच्यानं आमी आपलं रगत गिळत गिळत येचतो. मले अजूनबी त्या दिवसाची चव म्हनली का तीच येते, लोखंडावानी.

पन त्या वर्सी, खोटं कायले बोलू, त्या वर्सी मी खुशीत होती. चौथं वरीस होतं लग्नाले, कमळी आठ महिन्याची, आन आमच्या वावरात रोज दुपारी सिनेमा होये.

म्हंजे असं, का अल्लीपूरले तंबूचा सिनेमा आलता. बाजाराच्या दिवशी गडीमानसं जात, आन दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, भाकरी सोडली का सुरू. गडी एका झाडाखाली, आमी बाया दुसऱ्या झाडाखाली, मधात दहा पावलं. ते सांगत, आमी पाठ करून आयकू. कोनी म्हने त्या ठाकराचं बरोबर होतं, घरात घुसलेल्या मानसाले काय पाट टाकून जेवाले वाढाव. कोनी म्हने हिरो बावळट, एवढी कुऱ्हाड भिताडाले टेकली होती आन हा गानं म्हनून राह्यला. आमी बाया कानानंच सिनेमा पाहू. गिरजा, म्हंजे देवरावभाऊची बायको, तिले एकच राग, का भावाचं मढं घरात आन ही बाई नटून नदीवर जातेच कशी. आन राहीबाई, साठीची बुढी, जिनं जलमात तंबूचं दोरखंडबी पाह्यलं नोतं, तिचं मत सगळ्यात पक्कं. ठाकूर तं हरेक खेळात राहे, त्याचं नाव निघालं का ती थुके. म्हने त्याच्या मायनंच त्याले पाळन्यात दाबाले पायजे होतं, एवढा सिनेमाच झाला नसता. सगळे हसत. गडीबी हसत. मीबी हसू, पोरगी मांडीवर, भाकरी हातात.

सांगनाऱ्यात सगळ्यात वर आमचे हे. बंडी हाकत, कापसाचे गठ्ठे जिनात नेत, त्याच्यानं अल्लीपूर काय, हिंगनघाट काय, सगळे तंबू त्याइचे पाह्यलेले. नुसतं सांगत नसत, करून दाखवत. मरनारा झाले का मरत, मारनारा झाले का मारत. हातातल्या तुतारीचा सुरा होये, बंदूक होये, घोड्याचा लगाम होये. मले ते तवा लय आवडत. घरी तसं कधी बोलत नसत ना माह्यासंगं.

मले मात्र तंबूत जाची बंदी होती. बंदी म्हंजे शपथ.

माही ननंद शेवंती. सात महिने आंधी ती तंबूच्या भोंगेवाल्यासंगं निघून गेली. तोच, बंडीत बसून गावोगाव भोंग्यातून वरडत फिरे का आज रातच्याले अमका खेळ. ती गेली त्या सकाळी ह्याइनं तिची पेटी आंगनात आनली, लुगडे काढले, पोलके काढले, घासलेटाचा दिवा वर उलटा केला. काचेच्या बांगड्या होत्या तिच्या, त्या जाळात तडतड फुटल्या, एक तुकडा माह्या पायाले येऊन लागला. सासू भिताडाले डोकं आपटे. मंग हे घरात आले, माहा हात धरला आन कमळीच्या डोक्यावर ठेवला. नवीच होती ती, टाळू भरली नोती, माह्या तळहाताखाली ती टाळू उडे, थड थड थड. "म्हन, तंबूत पाय टाकीन तं हे लेकरू मरन." मी म्हनलं. म्हनाले किती वेळ लागते.

पन तुमी कायले जाता मंग, असं मी एकडाव इचारलं. दुसऱ्या दिवशी ओटी बांधाले माहा हात खांद्याच्या वर होत नोता.

आता तुमी म्हनसान का एवढी शपथ घेतल्यावर गेली कायले. मीबी मले हेच इचारतो. कमळीले खोकला झालता. अल्लीपूरले माही मावशी राहे, रांडमुंड बाई, तिच्या हातचा काढा चाले. सासूनंच धाडलं, एक रात राहून येजो म्हनाली. आन मावशीले सिनेमाचं याड. तंबूत नवा खेळ लागला होता, तो तिनं दोनडाव पाह्यलता, तरी तिसऱ्यांदा लुगडं बदलून तयार. मी म्हनलं मले शपथ हाय. ती म्हने, शपथ तुनं घेतली, मी नाई घेतली, मी नेतो तुले, पाप माह्या डोक्यावर. ह्याइनं तो खेळ आंधल्या दिवशीच पाह्यलता, म्हंजे ते येनार नोते. आन मनात म्हनलं, कानानं किती पाहू.

गर्दी एवढी का समोर जागाच नाई. तंबूवाल्यानं मंग मांगच्या अंगाले लोक बसवले, पडद्याच्या मांगं, अर्ध्या तिकिटात. पडदा पान्यानं भिजवलता, म्हंजे मांगूनबी दिसाव. आमी ढेकलात बसलो. पडद्याचं पानी टपटप पडे. मशीन सुरू झाली, उजेड आला, अन नाव आलं सिनेमाचं, मोठ्या अक्षरात, आन मले एकबी अक्षर लागलं नाई. चौथी पास मी. शाळेत बाई मलेच धडा वाचाले लावत. मी डोळे बारीक केले, डोळे मोठे केले, काहीच नाई. एवढी शरम वाटली मले, का चुलीपाशी चार वर्स काढले तं सगळं पुसून गेलं डोक्यातून. मावशीले इचारलं नाई, तिले कुठी वाचता ये. आजूबाजूचे सगळे तसेच. कोनाले काही वाटलं नाई.

मंग तो सुरा. ठाकूर पायऱ्या उतरून येते, हळू हळू, आन भावाले मिठी मारते, आन त्या मिठीतच, डाव्या हातानं, पोटात. एकडाव नाई, चारडाव. मले वाटलं माह्याच पोटात गेला. रगत काळं होतं, डांबरावानी, पायरीवरून खाली आलं. कमळी किंचाळली. लोक च्यक च्यक करत, गप कर त्या पोट्टीले म्हनत, आन आमच्या पुढं बसलेल्या मानसानं मान वळवून मूठभर फुटाने कमळीपुढं केले. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड दिसलं. देवरावभाऊ.

ह्याइचा दोस्त, ह्याइच्यावानीच बंडी हाकनारा. एकाच वावरात, एकाच धुऱ्यावर जेवनारा. मी पदर पुढं ओढला. त्यानं माह्याकडे पाह्यलं, कमळीकडे पाह्यलं, अन मान फिरवली. खेळ सुटल्यावर गर्दीत तो माह्या बाजूनं गेला, थांबला नाई, नुसता बोलला, "वहिनी, मी तुमाले पाह्यलंच नाई."

घरी आली तं खोकला खरंच बसला होता. रोज रातच्याले मी कमळीच्या नाकापुढं बोट धरू, श्वास चालू हाय का पाहाले.

तिसऱ्या दिवशी तो धुरा. बाकीचे गडी पुढच्या बाजाराले जानार होते, हा नवा खेळ पाह्यलेले दोघंच, आमचे हे आन देवरावभाऊ. ह्याइनं भाकरी टाकून ठाकूर केला. पायऱ्या उतरले, मिठी मारली झाडाले, तुतारी उजव्या हातात, खचाखच. राहीबाई थुकली. सगळे हसले. आन देवरावभाऊ भाकरी चावत बोलला का किसना, झोपला होता का बे, सुरा डाव्या हातात होता. पुन्हा सगळे हसले, आन ह्या डावाले जास्त हसले, काऊन का ह्याइची चूक कधी कोनी काढली नोती.

हे म्हनाले मी समोर बाकड्यावर होतो, तू अर्ध्या तिकिटात मांगं ढेकलात बसला असशीन, मांगून तुले काय ढोपर दिसते. देवरावभाऊले ते झोंबलं. अर्ध्या तिकिटात बसला हे त्याले चारचौघात आयकाचं नोतं. तो म्हने मांगून सगळं दिसते. मांगं कोन कोन बसते तेबी दिसते. आन बोलता बोलता त्याचे डोळे माह्यावर आले.

मी त्या डोळ्याइले काय केलं असन मले मालूम नाई. हात जोडले नाई, मान हालवली नाई. नुसती पाहून राह्यली असन. पन त्यानं ते गिळलं, माहं नाव. तोंड उघडं होतं, काहीतरी बाहेर टाकनं भाग होतं, आन जे हाताले लागलं ते टाकलं. "तंबूतलं खरं तुले कायले लागते बे, घरी शेवंती होती ना, तिले इचाराचं."

कोनी हसलं नाई.

मंग जे झालं ते सिनेमावानी झालं नाई. सिनेमात मानूस मानसाले मारते तं दोघं दिसतात. इथं नुसती धूळ, लाथा, कोनाचं कोपर, कोनाचा दात. लोळत लोळत दोघं आमच्या झाडाखाली आले, पान्याचं मडकं फुटलं. गिरजा मधात गेली, तिच्या कानावर ह्याइची कोपरखिळी बसली, ती तिथंच बसली, कान धरून. बाकीचे गडी पुढं होत अन मांगं होत, तुतारीले भीत. आन मी, ओटीत सकाळचा कापूस, झोक्याकडे पाहे, खाली पाहे.

आन तवाच मले ती अक्षरं आठवली.

शाळेत शाई जास्त झाली का कागदाच्या मांगून फुटे. मांगून ते अक्षर पाह्यलं तं वाचता येत नसे, उलटं दिसे, इकडचं तिकडे. तसंच. मी वाचाले इसरली नोती. पडदा मांगून पाह्यलता मी. म्हंजे समोरून जो उजवा, तो मांगून डावा. दोघंबी खरे. एवढीशी गोष्ट. एका दमात सांगून झाली असती, तुतारी खाली आली असती, दोघं येडे झाल्यावानी एकामेकाकडे पाहत राह्यले असते आन राहीबाईनं दोघाइलेबी शिव्या घातल्या असत्या.

पन तुले कसं मालूम, असं त्याइनं इचारलं असतं ना. तू कुठी होती. आन मांगं होती तं कोनासंगं होती, मांगं तं देवराव होता. आन शपथेचं काय. झोका त्याइच्या हाताच्या वर एक हात होता, बस.

मी त्या एका वाक्याले जिभेवर धरून उभी होती. त्याचं वजन मले आजबी आठवते.

ह्याइनं खिळा त्याच्या डोळ्यापाशी आनला अन आवाज खाली केला. खाली केलेला आवाज मी घरात आयकला होता, देवरावभाऊनं नोता आयकला. म्हनाले, "तुह्याजवळ कोन बसलं होतं? एक नाव घे. एक साक्षीदार दे, सोडतो तुले."

देवरावभाऊनं वर पाह्यलं. झोका हाले. माह्याकडे त्यानं पाह्यलं नाई, मी शपथेवर सांगतो, आता माह्या शपथेले काय किंमत ते तुमी ठरवा, पन त्यानं माह्याकडे पाह्यलं नाई.

"कोनीच नोतं. मी एकटाच होतो."

खिळा डोळ्यात गेला, त्याचा आवाज लहानसाच झाला. सिनेमात असं होते तवा मोठा आवाज होते, पेटी वाजते, बाया किंचाळतात. इथं नुसतं बोंड फुटल्यावानी झालं. आन मंग तो वरडला, आन वरडतच राह्यला, आन हे मांगं सरकले, हातातली तुतारी पाहत, जशी कोनी त्याइच्या हातात आनून देली.

बंडीत कापूस भरला होता, त्याच्यावरच त्याले टाकलं. गिरजानं पदराचा बोळा करून दाबून धरला. बंडी हाकली कोनी, तं ह्याइनंच, दुसऱ्या कोनाचं बैल आयकत नोते. वर्ध्याले नेलं. डाक्टरनं इचारलं तं देवरावभाऊनं सोतानं सांगतलं, पऱ्हाटी घुसली डोळ्यात, वाकलो होतो. मंग सगळ्या गावानं तेच सांगतलं. पोलीस आला नाई. ज्याच्यावर त्याले टाकलं होतं तो कापूस दुसऱ्या दिवशी दिवाणजीनं येगळा कराले लावला. आमीच बसलो, येचलेला कापूस पुन्हा येचाले, लाल इकडे, पांढरा तिकडे. काळा नोता तो. लालभडक होता, आन सुकल्यावर कापूस कडक होते, हे मले त्या दिवशी समजलं.

त्याचा डोळा गेला. डावा का उजवा ते मी नाई सांगत, कोनी मले ते इचारू नये.

चार वर्स झाले. कमळी आता माह्या मांगं मांगं ओळीत चालते, खालचे बोंडं येचते, तिचेबी बोटं चिरतात. जगली ती. शपथेनं काही झालं नाई तिले, ज्याले झालं त्यानं शपथ घेतलीच नोती. पोटात दुसरं हाय. ह्याइचा हात आता माह्यावर उठत नाई, त्या दिवसापासून उठलाच नाई, हे सांगतलं पायजे. पन सिनेमा त्याइचा सुटला नाई. यंदा तंबू आला तवा म्हनाले, चाल, तुलेबी नेतो, समोर बाकड्यावर बसू, झालं गेलं. मी म्हनलं मले उजेडानं डोकं दुखते.

आन काल जेवता जेवता, काही कारन नसता, म्हनाले, देवराव खोटं बोलला नसता तं त्याचा डोळा आज जाग्यावर असता. मानसानं खोट्यासाठी एवढं अडून राहू नये. पानी मांगतलं, पेले, आन झोपले. त्याइले खरंच तसं वाटते. त्याच्यावर ते जगून राह्यले. आन तिकडे देवरावभाऊले वाटते किसना खोटा. तो आता बंडी हाकत नाई, अंदाज येत नाई म्हने त्याले रस्त्याचा, बायाइच्या ओळीत कापूस येचते. त्याच्या देखत कोनी सिनेमा काढत नाई. धुरा मुका झाला.

गिरजा माह्या बाजूच्या ओळीले असते. तिले त्या कानानं आयकू येत नाई, त्याच्यानं मी त्या बाजूनं असली का तिच्यासंगं बोलाव लागत नाई, मी तीच बाजू धरतो. पन काल ती फिरून माह्या दुसऱ्या अंगाले आली. येचता येचता म्हनाली, तू शिकलेली हाय, एक सांग. माहा मानूस असा अडेल नाई. घरी मी म्हनलं दिवस तं दिवस, रात तं रात. मंग त्या दिवशी एक नाव घेतलं असतं कोनाचंबी, खोटं का होईना, तं सुटला असता. काऊन नाई घेतलं त्यानं. कोनाले वाचवत होता तो.

माहं बोट बोंडात होतं. मी ते तोंडात घातलं. म्हनलं, उद्या सांगतो.

उद्या म्हंजे आज. आता उजाडन, भाकऱ्या टाकाच्या हायत, आन मंग तिच्या बाजूनं उभं राहाचं हाय. सांगतलं तं ती नवऱ्याले इचारन, नवरा नाई म्हनन, पन ती गप राहनार नाई, तिच्या मानसाचा डोळा गेला हाय ना. मंग हे आयकतीन का चार वर्स ते ज्याले खोटा म्हनत आले तो खरा, आन खोटी त्याइच्या चुलीपाशी बसली होती. आन पहिलं काय इचारतीन, डावा-उजवा नाई, हेच का अंधारात देवरावाजवळ कोन बसलं होतं. कमळी समोर असन. आन नाई सांगतलं तं गिरजा बाजूले असन, रोज, पऱ्हाटी उपडेपरेंत, अन पुढच्या वर्सी पुन्हा.

तुमी बाया असान, बाप्ये असान, मले मालूम नाई. तुमी घरी बसून वाचून राह्यले, तुमाले इचार कराले येळ हाय, मले नोता. वरतं लेकरू टांगलं होतं, खाली तो खिळा, आन जिभेवर एक वाक्य. तुमी ते बोलले असते का? आन तवा नाई बोलले असते, तं आज त्या ओळीत जाऊन गिरजाले काय सांगतलं असतं?